सतरा नंबरचा शॉट

४ नोव्हेंबर, मंगळवार

ॲकॅडमीचं नवीन माहितीपत्रक छापून आलं. माझ्या फोटोखाली 'आंतरराष्ट्रीय ख्यातीचे दिगदर्शक'. परभणी जिल्ह्यातून ताथवड्याला येणं आंतरराष्ट्रीय असेल तर आहे मी. तात्यांना म्हटलं, मालक तुम्ही आहात, पण मी बारावी नापास. लग्नाच्या शूटिंगवर कॅमेरा शिकलो, तीन-चार कंपन्यांच्या फिल्म केल्या. हे असं छापू नका.

तात्या हसले. "आवो सर, पोरांच्या आईबापाला काय कळतंय? तुमी मराठवाड्याची मान्सं लय भिता राव." ही इमारत त्यांच्या वडिलांच्या वावरात उभी आहे. त्यांना कुणाला भ्यायचं कारण नाही.

मग गठ्ठा घेऊन बसलो आणि प्रत्येक प्रतीवर पेनाने 'दिग्दर्शक' केलं. खोटं तसंच ठेवलं, शुद्धलेखन सुधारलं. स्वतःची किळस आली.

दुपारी देसाईंचा फोन. चाकणच्या कंपनीचे एच.आर. दोन वर्षांपूर्वी त्यांची सुरक्षा-फिल्म मी केली. नवीन कामगार आला की पहिल्या दिवशी त्याला ती दाखवतात आणि 'पाहिली' म्हणून रजिस्टरवर सही घेतात.

"किरकोळ बदल आहे. सतरा नंबरचा शॉट काढून टाका."

"का, सर?"

"वरून आलंय."

सतरा! माझा सगळ्यात चांगला शॉट. पत्रे ठोकणारी राखाडी प्रेस, तिच्यावरच्या बबनकाकांचा निळा शर्ट, वर कोपऱ्यात एकच पिवळा दिवा. वर्गात रंगसंगती शिकवायला मी तोच दाखवतो. डोकं तापलं. हो म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

चाकणला. तळवडे चौकातच अर्धा तास. गेटवर नेहमीचं सगळं. फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर, बॅग उघडा, रजिस्टरमध्ये नाव, काम, सोबतचं साहित्य. पेन ड्राइव्ह असेल तर गार्डच्या ड्रॉवरमध्ये जमा. गार्ड म्हणाला, "डायरेक्टर, तुमचं अक्षर लय ग्वाड. बाकीची निस्ती कोंबडी नाचवत्यात."

देसाई साहेबांनी (इथून पुढे नुसतं दे.) बिस्किटं पुढे केली. कारण सांगितलं नाही. "फाइलवरची तारीख जुनीच ठेवा. आणि जुनी कॉपी कुठे राहायला नको."

परत जाताना प्रेस-शॉपमधून गेलो. चार नंबरच्या प्रेसवर निळी ताडपत्री. बाजूच्या प्रेस चालू, दर ठोक्याला तळपाय हादरतात. बबनकाका भेटले. फिल्ममधले ऑपरेटर तेच, याच गावचे, प्रेसवर आयुष्य गेलं.

"काका, चार नंबर का झाकलाय?"

"गजाचा हात गेला त्याच्यात. परभनीकडलाच हाय, तुमच्या बाजूचा. आठ दिस झालं व्हतं कामाला लागून. तीन बोटं."

"पण सेन्सर आहे ना?"

"हाय की. बंद व्हता."

सेन्सर म्हणजे प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबतं. एवढं मला फिल्म करताना कळलं होतं.

"कोणी बंद केला?"

काकांनी सुपरवायझरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी तुमची फिल्म बघा की एकदा."

मला वाटलं टोमणा आहे. मोठी माणसं फिल्मवाल्यांना मारतात तसा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एमआयडीसीला सुट्टी. सकाळी सतरा काढला. सोळावरून अठरावर गेलं की डोळ्याला खटकतं. आवाजाचा सांधा चार वेळा बदलला तेव्हा बसला. तारीख जुनी ठेवली. पाठवली. व्हॉट्सॲपवर दे. यांचा अंगठा आला.

इतक्या सफाईने कापलं की तिथे काही होतं हे मलाही सांगता येणार नाही. आधी बरं वाटलं. मग नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वर्गात आज. लिहायला हात होत नाही पण लिहितो.

मागच्या आठवड्यात मुलांना सुरक्षा-फिल्म घरी बघायला दिली होती, रंगांवर टिपण आणा म्हणून. (जुनी. सतरासकट.) अर्ध्यांनी रील्स बघितल्या, टिपण एकमेकांचं उतरवलं. प्रणालीने मात्र वही आणली. तिचे वडील भोसरीत प्रेसवर आहेत.

"सर, काल सुट्टी होती म्हणून पप्पा घरी होते. त्यांना पण दाखवली. ते म्हणाले ही फिल्म कुठल्या येड्याने केली."

वर्ग हसला. मीही हसलो.

"का गं?"

"सर, तो पिवळा दिवा. पप्पा म्हणाले पिवळा म्हणजे सेन्सर बंद. चावी फिरवून बंद केला की तो लागतो. चालू असला की हिरवा. आणि तुमच्या फिल्ममध्ये पिवळा लागलाय आणि मागून आवाज येतोय की..."

तिने वहीतून वाचलं. मला गरज नव्हती, वाक्य माझंच आहे. 'दिवा लागला आहे याची खात्री करा. आता मशीन तुमची काळजी घेईल.'

कंपनीने दिलेल्या मजकुरात नुसतं 'दिवा' होतं. कोणता, ते मी विचारलं नाही. 'खात्री' मधला दीर्घ, 'तुमची' मधला ऱ्हस्व, सबटायटलमधली एकेक वेलांटी मी दोन दिवस तपासली होती.

मुलांना म्हटलं, पुढचं पान काढा.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हार्ड डिस्क लावली. सतरा नंबर, टेक तीन. कच्चं फुटेज, आवाजासकट.

आमचा लाइटचा स्टँड किरणांच्या मध्ये येत होता, म्हणून प्रेस सारखी थांबत होती. मी म्हणतोय, "हे बंद नाही का करता येणार थोडा वेळ?" मेंटेनन्सवाला चावी फिरवतो. दिवा हिरव्याचा पिवळा होतो. मला आठवतं, मी खूश झालो होतो. हिरवा त्या राखाडीवर मरत होता.

मग बबनकाका: "डायरेक्टर, ह्यो पिवळा दिसंल की वो फिल्लममधी."

मी: "दिसू द्या काका. छान दिसतोय. तुम्ही बोलू नका, फक्त काम करा."

दे. यांचा आवाज, कॅमेऱ्यामागून: "चालेल, चालेल. उरका लवकर, लाइन थांबलीय."

काका प्रेसकडे वळतात. पॅडलवर पाय. आत हात. ठोका. माझा आवाज: "सुंदर!"

'सुंदर' ऐकून बेसिनवर जाऊन उभा राहिलो. काही आलं नाही. तोंड धुऊन परत बसलो.

९ नोव्हेंबर, रविवार

गजाननकडे गेलो. पत्ता काकांनी दिला. पत्र्याच्या चाळीत एक खोली, तो आणि त्याची बायको सुनीता. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या बँडेजमध्ये, छातीशी धरलेला. माझ्याहून लहान असेल.

"कोन्त्या गावचे सर तुमी?"

सांगितलं. त्याचं गाव पुढच्याच फाट्याला निघालं. "मंग तं आपलेच की वं! सुनीता, चहा ठिव." मी कोण ते सांगितलं तेव्हा आणखी खूश झाला. "फिल्म तुमी केली? लय भारी व्हती सर. आमच्या संग बसलेले झोपले, म्या पूरी पाह्यली."

मला एक क्षण आनंद झाला. हे इथे लिहून ठेवतो. त्या हातासमोर बसून मला आनंद झाला.

मग त्यानेच सांगितलं. चार नंबरवर उभं केलं तेव्हा पिवळा दिवा आधीच लागलेला होता. सेन्सर सारखा थांबवतो, टार्गेट होत नाही, म्हणून सुपरवायझर चावी फिरवूनच ठेवायचा. "म्या पाह्यलं, दिवा हाय. फिल्ममंदी दाखवला तसाच. म्हन्लं मशीन आपली काळजी घेईल. शीट वाकडी झाली म्हनून हात घातला."

माझं वाक्य त्याच्या तोंडून. शब्द न शब्द.

कंपनी म्हणते सेन्सर त्यानेच बंद केला. फिल्म पाहिल्याची त्याची सही आहे, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. आता 'माझ्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलेल्या कागदावर सही मागताहेत. तो म्हणाला, "डाव्या हातानं सही येत न्हाय म्हन्लं. तं म्हने आंगठा द्या."

सुनीताने चहा पुढे केला. "भाऊ, ती फिल्म असंल न तुमच्यापाशी? साहेब लोकाला दाखवली तं यायच्यावरचा आळ तरी जाईल."

म्हटलं, बघतो. चहा अर्धा सोडून उठलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दे. ॲकॅडमीतच आले. तात्या आणि ते एकाच क्लबचे. दोघांनी मला मध्ये बसवलं.

दे. : "आम्हाला फिल्ममध्ये एक नवीन प्रसंग हवाय. निष्काळजी कामगार. कानात इयरफोन, मोबाइलवर लक्ष, स्वतः चावी फिरवतो आणि मग अपघात. जनजागृती म्हणून. तुमचे विद्यार्थी घ्या, त्यांनाही अनुभव."

तात्या : "बगा! पोरांना पडद्यावर चान्स. आनि पुढं तिन्ही प्लांटच्या फिल्मा आपल्याकडंच."

मी म्हटलं, तसं झालं नव्हतं ना पण.

दे. : "फिल्म आहे हो. नाव कुठे घेतोय कुणाचं?"

उठताना म्हणाले, "आणि ती हार्ड डिस्क. कच्चं सगळं आमच्या ताब्यात द्या. कंपनीची मालमत्ता आहे." दारात थांबून, फार मऊ आवाजात : "त्यात तुमचाही आवाज आहे ना? मला आठवतंय. आम्हाला तुमची काळजी आहे."

काळजी. हा शब्द आता कानावर पडला तरी अंगावर काटा येतो.

तात्या नंतर : "सर, घरी कोन कोन असतं तुमच्या?" आई असते. त्यांना माहीत आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काल केला तो प्रसंग. होय, मीच केला.

गुरुवारी लाइन बंद, म्हणून कालच. सात नंबरच्या प्रेसवर, वीज तोडून. विद्यार्थ्यांमधला ओंकार 'निष्काळजी कामगार'. आरशात बघून केस करत होता. बबनकाकांना त्याला पॅडल दाखवायला बोलावलं होतं. त्यांनी गोष्ट ऐकली, हातातला रुमाल झटकला.

"मागल्या येळंला गप बस म्हनला, बसलो. आज मीच चाललो. राम राम."

मेकअपच्या मुलीने लाल रंग जास्त पातळ केला होता. ओंकार ओरडला, "आई गं!" एवढं खोटं की सगळे खो-खो हसले. दे. सुद्धा. ओंकारला स्वतःला हसू आवरेना. रंग प्रेसच्या पाट्यावर सांडला, कुणीतरी बोट बुडवून दुसऱ्याच्या गालाला लावलं.

मी काय केलं? म्हटलं, "ओंकार, हात थोडा डावीकडे, लाइटमध्ये येत नाहीये." ते माझ्या तोंडून आपोआप गेलं. जशी उचकी जाते.

प्रणाली कडेला क्लॅप घेऊन उभी होती. ती हसली नाही. टेक तीनच्या आधी तिने क्लॅप माझ्या हातात दिला. "सर, मला बरं वाटत नाहीये." गेटपर्यंत एकटी चालत गेली.

टेक तीन झाला. चार झाला. लाल रंग नखांत राहिलाय. दगडाने घासतोय, निघत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तात्यांकडून निरोप : प्रसंग जोडून मंगळवारपर्यंत द्या, हार्ड डिस्क बुधवारी स्वतः कंपनीत घेऊन जा.

गजाननचा फोन : "सर, बुधवारी कारखाने तपासनारे सरकारी इन्स्पेक्टर साहेब कंपनीत यायलेत. मलाबी बलावलं, अकराला. ती फिल्म आनता न?"

माझ्यापुढे तीन वाटा. लिहून काढतो, लिहिलं की डोकं थांबतं.

काहीच न देणं. तो अंगठा देईल.

नुसती जुनी फिल्म देणं, सतरासकट. त्यात माझं नाव फक्त शेवटच्या पाटीवर. पण दे. म्हणतील, ही त्या तिकडच्या फिल्मवाल्याची चूक, आम्हाला न विचारता पिवळा दिवा घेतला. मग गजाननचं काय, कुणास ठाऊक.

कच्चं फुटेज देणं. त्यात चावी फिरवलेली दिसते, दे. यांचं 'चालेल चालेल' आहे. आणि माझं 'छान दिसतोय', माझं 'बोलू नका', माझं 'सुंदर'. यानंतर कोण फिल्म देईल, कोण वर्गात उभं करील. आईला काय सांगू.

चौथी वाटही सुचली : माझा तेवढा आवाज काढून टाकायचा. मला जमेल. सांधा कुणाला कळणार नाही. सोळा-अठराचा कळला का?

ही चौथी वाट इतक्या पटकन सुचली याचीच जास्त शिसारी येते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चौथी करून बघितली. सकाळी बसलो, माझा आवाज काढला. तर बबनकाका म्हणतात, "ह्यो पिवळा दिसंल की वो," आणि कुणीच उत्तर देत नाही. ते एकटेच बोलतात आणि आपलेआपण गप्प होतात. म्हातारा येडा वाटतो. पुसून टाकलं.

दुपारी वर्गात रंगसंगतीचा धडा पुन्हा घेतला. कच्चा टेक तीन लावला. आवाज पूर्ण. 'सुंदर!' झाल्यावर स्क्रीन बंद केला. ओंकार खाली बघत होता. आज त्याने केस केले नव्हते.

विचारलं, काय चुकलं सांगा.

एक म्हणाला, लाइट. एक म्हणाला, फोकस मागे आहे. मग प्रणाली : "सर, ते काका सांगत होते."

फळ्यावर काही लिहावं असं वाटलं. खडू घेतला. ठेवला.

तास संपल्यावर ओंकार मागे थांबला. "सर, माझा तो सीन लावू नका ना. गावाकडचे बघतील." म्हटलं, लावत नाही. माहीत नाही का म्हटलं. उद्या तोच जोडून द्यायचा आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जोडला नाही. तात्यांचे सहा मिस्ड कॉल. सातवा उचलला.

"सर, जोडताय का दुसरा मास्तर बघू?"

"बघा, तात्या."

"तुमाला आमी हितं उभं केलं," म्हणाले. खरं आहे ते. खोट्या पायावर का होईना, केलं होतं.

टेक तीनची कॉपी पेन ड्राइव्हवर घेतली. लावून बघितली. आवाज आहे. काढून पुन्हा लावली. आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कंपनीच्या गेटवरच्या बाकावर बसून लिहितोय. पावणेअकरा.

हार्ड डिस्क बॅगेत, पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात. वाटेत ठरवलं होतं, पेन ड्राइव्हचं बोलायचंच नाही. खिशात कोण बघतंय? गार्डने रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं. 'सोबतचं साहित्य' च्या रकान्याशी पेन थांबलं. या रजिस्टरमध्ये मी आजवर खोटं लिहिलेलं नाही. लेन्स पुसायचा रुमालसुद्धा लिहिलाय. 'हार्ड डिस्क १, पेन ड्राइव्ह १' असं लिहून मोकळा झालो.

"पेन ड्राइव्ह आत न्यायला परमिशन लागंल, डायरेक्टर."

"कुणाची?"

"देसाई साहेबांची."

घ्या. ड्रॉवरमध्ये गेला. हार्ड डिस्कला परवानगी कालपासूनच देऊन ठेवली आहे. ती दे. यांच्या नावाच्या सीलबंद पाकिटात आत जाऊ शकते, मीही जाऊ शकतो, तेवढा पेन ड्राइव्हच जाऊ शकत नाही. दोन वर्षं या गेटवर येतोय आणि परवानगी कोण देतं हे माझ्या ध्यानात आलं नाही. पुन्हा तेच. न विचारता.

आत गेलो नाही. बाकावर बसलो. समोर नव्या कामगारांची रांग, आज पहिला दिवस. थोड्या वेळाने त्यांना फिल्म दाखवतील, सोळावरून अठरावर गेलेली. एकाने विचारलं, "भाऊ, तुमीबी नवीनच का?"

गजानन आला, सुनीताने हाताला धरून आणलेला. बँडेज लहान झालंय. "सर, आनली?" ड्रॉवरकडे बोट केलं. त्याला कळलं नाही. समजावून सांगितलं. म्हटलं, त्यात मीच म्हणतोय की पिवळा दिवा राहू द्या, छान दिसतोय. माझ्यामुळे.

सुनीता बोलली. "म्हंजी तुमाला आदीच म्हाईत व्हतं?"

"नाही. मी विचारलं नाही."

ती दोघं दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. या बाकावर जागा होती.

आत्ता इन्स्पेक्टर साहेबांची पांढरी गाडी आत गेली. मागोमाग दे. स्वतः स्वागताला. मला बघून हात केला, 'आत या' असा. मी बसून राहिलो. दे. यांचा फोन येतोय, मी कापतोय. पुन्हा येतोय.

गजाननला आत बोलावलं. जाताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मग दोन पावलं मागे आला. "साहेबाला काय सांगू?"

म्हटलं, सांग की फिल्मवाला गेटवर बसलाय. जाताना इथे थांबा म्हणावं. परमिशन आत न्यायला लागते. इथे बघायला नाही.

गार्डच्या केबिनमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे, गाड्यांच्या नोंदीचा. गार्डला विचारलं, त्याला स्पीकर आहे का.

"हाय की. पार रोडपत्तूर ऐकू जातंय. का वो?"

सांगितलं. त्याने ड्रॉवर उघडून बघितला, बंद केला, किल्ली खिशात टाकली. देईल की नाही, कळेना. चहा मागवला, दोन.

गाड्यांना बाहेर पडायला गेट हा एकच आहे.